वाहतूक परवाना

मी सहायक पशुवैद्यकीय अधिकारी.
ज्यांची सहायक, त्यांची खुर्ची तीन वर्षं रिकामी आहे,
म्हणजे तशी मी खुर्चीचीच सहायक.
तिच्यावर आता सुयांची खोकी असतात
आणि दुपारी कधीमधी कचेरीची कोंबडी.

तेसोच्या या सपाटीवर माझ्याकडे अकरा गावं,
एक मोटारसायकल, महिन्याला नऊ लिटर पेट्रोल
आणि बर्फाची पेटी. बर्फ आरोग्य केंद्रातला.
तिथली नर्स अमुगे फ्रिजचा खालचा कप्पा देते मला:
वर पोरांच्या लसी, खाली बैलांच्या.
वीज गेली की आम्ही दोघी दार उघडत नाही,
बोलतोही हळू,
जणू आत कुणी तापाचं माणूस निजलंय.

जानेवारीत लाळ्या-खुरकूत आलं.
ओढ्यापलीकडून आलं की बाजारातून, कोण सांगणार,
रोगाला कुणी परवाना विचारत नाही.
जिल्ह्याचा आदेश मी चिंचेच्या बुंध्यावर चिकटवला
कसाव्याच्या खळीने:
गुरांचा बाजार बंद. ने-आण बंद.
सकाळी पाहते तर शेळ्यांनी खालची तारीख खाल्लेली.
लोक विचारत, कधीपर्यंत?
मी चिंचेकडे बोट दाखवी.

आमच्याच वाडग्यात तेव्हा सात जनावरं उभी होती,
धाकट्या एकवारूच्या लग्नात मुलीकडे द्यायची.
बापाने सहा वर्षांत एकेक करून जोडलेली.
माझ्या जन्माआधी एका रात्रीत
सगळी खिल्लारं हाकून नेली होती कुणी;
तेव्हापासून बाप गुरं मोठ्याने मोजत नाही.

मुलीचं घर ओढ्यापल्याड, सहा किलोमीटर.
"रात्री नेऊ," चुलता ओकिटोई म्हणाला,
"चंद्र नाही. तू फक्त झोपून राहा."
बाप काहीच बोलला नाही.
त्याने माझ्या पिशवीकडे पाहिलं,
जिच्यात शिक्का असतो. लाकडी. अंगठ्याएवढा.

मी नाही म्हटलं.

मग माझ्यापुढे नाचणीचा गोळा यायचा, शब्द यायचा नाही.
एकवारूने एकदाच विचारलं,
"दुसऱ्या कुणाचा भाऊ असता तर?"
तरी हेच.
पण तेव्हा मी पोटभर जेवले असते.

नवव्या दिवशी मुलीचा बाप स्वतः आला, सायकल ढकलत.
मी दारात ठेवलेल्या सोड्याच्या पाण्यात
न सांगता त्याने चपला बुडवल्या,
तरी आत पाऊल टाकलं नाही.
काटेरी कुंपणावरून बराच वेळ बघत राहिला.
"ती लाल कालवड," तो म्हणाला,
"पाय झाडतेय का अशी?"

मी जबडा उघडला.
जीभ धरली तशी तिची साल हातात आली,
भिजल्या कागदासारखी.
खुरांच्या बेचक्यात फोड.
तुझं बरोबर होतं, असं कुणी म्हणालं नाही.
बरंच झालं. मला ते ऐकायचं नव्हतं,
आदल्या रात्री मीच तिला कुरवाळून आत बांधली होती
आणि काही दिसलं नव्हतं मला.

वही काढली.
लाल कालवड, कपाळावर चांद, वय अडीच.
मालकाच्या रकान्याशी नियमाप्रमाणे
नावाचं स्पेलिंग विचारायचं असतं.
विचारलं.
बापाने सांगितलं, एकेक अक्षर,
परक्या अधिकाऱ्याला सांगावं तसं.
नऊ दिवसांतले ते पहिले शब्द.

मुलीचा बाप निघताना एकवारूला म्हणाला,
"गवत पिकेल तोवर आमचीही बरी नाहीत.
सांग तुझ्या बहिणीला, उद्या आमच्याकडे यायचंय."
मी तिथेच उभी होते.

रात्री चुलीपाशी उजेड दिसला.
बाप मोठ्या पातेल्यात पातळ पेज ढवळत होता,
बोट घालून पाहत होता, किती कोमट झाली.
"एवढी खाईल?"
"थोडी थोडी दे."
"मीठ?"
"मीठ नको," मी म्हटलं, "तोंड सोललंय तिचं."